हा जिन वाचायचाय, सुरुवात कुठून करू? (मराठी मीडियमवाल्यांनी आवर्जून सल्ला द्या)

गवतीचहा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा सहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे नाशिकला, दर महिन्याला एकीने एक लेखक घ्यायचा आणि बाकीच्यांना तासभर सांगायचं, सोबत खायला करायचं. आत्तापर्यंत मी दोनदा मराठी लेखक घेऊन सुटले, यावेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं की परदेशी लेखक आणि तोही भाषांतर नाही, मूळ वाचून. झालं. माझं सगळं शिक्षण तालुक्याच्या गावी मराठी शाळेत, नोकरीत फॉर्म आणि सर्क्युलरपुरतं इंग्रजी, त्याच्या पुढे गाडी गेली नाही. तीन इंग्रजी कादंबऱ्या घरात आहेत, तिन्हीत बुकमार्क चाळिसाव्या पानाच्या आसपास.

भाचा बोस्टनला असतो तो म्हणाला मावशी तू हा जिन वाच. मी म्हटलं हा कुठला जिन, तर म्हणे अगं हा म्हणजेच नाव, चिनी लेखक आहे, अमेरिकेत आला तेव्हा तिशीला टेकलेला होता आणि तरी इंग्रजीत लिहितो, आणि एवढं सोपं लिहितो की तुझा चाळिसाव्या पानाचा शाप तुटेल. एवढं बोलून साहेब मीटिंगला पळाले.

तर प्रश्न असे की पहिलं पुस्तक कुठलं घेऊ, खरंच सोपं आहे का, आणि माणसाबद्दल थोडं कोणी सांगेल का म्हणजे मला बोलताना चार वाक्यं जोडता येतील. महिना आहे हातात. मला ६०० पानी काही सुचवू नका प्लीज.

भटक्या_बाब्या

शीर्षक वाचून वाटलं दिव्यातून निघालेला जिन आहे, तीन इच्छा वगैरे. काकू पहिली इच्छा मागा की मीटिंगच दोन महिने पुढे जाऊ दे.

बाकी मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, तळटीप येतीलच आता.

तळटीप

आलो. 😀

गवतीचहा ताई, आधी माणूस सांगतो, मग पुस्तकं, कारण याच्या बाबतीत माणूस कळला की भाषा का अशी आहे ते आपोआप कळतं.

खरं नाव जिन श्वेफेइ. जन्म १९५६, ईशान्य चीनमधला ल्याओनिंग प्रांत, वडील लष्करात अधिकारी. माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा हा दहा वर्षांचा, शाळा बंद, करायला काही नाही, तर चौदाव्या वर्षाच्या आसपास वय वाढवून सांगून सैन्यात गेला. पोस्टिंग सोव्हिएत सरहद्दीवर, आणि ते वर्ष असं की दोन्ही देशांत नुकत्याच चकमकी होऊन गेलेल्या, म्हणजे युद्ध कधीही होईल या हिशेबाने पोरं थंडीत कुडकुडत बसलेली. पाचेक वर्षांनी सैन्य सोडलं आणि ज्यामुसी नावाच्या गावात रेल्वेत तारायंत्रावर नोकरी धरली. इथे एकट्याने रेडिओवरचा इंग्रजी शिकवायचा कार्यक्रम ऐकायला लागला, पहाटे लागायचा तो. म्हणजे ज्या वयात आपण इंग्रजीला कंटाळून सोडून दिलेलं असतं त्या वयात याने अल्फाबेट धरली.

१९७७ ला विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा परत सुरू झाल्या. याने पसंतीक्रम भरला त्यात इंग्रजी अगदी शेवटी होतं, आणि मिळालं नेमकं इंग्रजीच! हार्बिनला पदवी, मग शानडोंग विद्यापीठात अमेरिकन साहित्यात एमए, आणि १९८५ ला बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात पीएचडीला. बायको आणि लहान मुलगा मागे चीनमध्ये. बायको दोन वर्षांनी आली. डिग्री घ्यायची, परत जायचं, तिकडे शिकवायचं आणि भाषांतरं करायची असा साधा सरळ प्लॅन होता.

मग १९८९ चा जून आला. तियानानमेन चौकात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर सैन्याने माणसं मारली, ते याने टीव्हीवर पाहिलं. आता विचार करा, ज्याने कोवळ्या वयात तीच वर्दी घातली होती, ज्याला शिकवलं होतं की सैन्य जनतेचं रक्षण करतं, तोच हे बघतोय. मुलगा त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पोचला आणि ठरलं, परत जायचं नाही. १९८५ नंतर तो चीनला गेलेला नाही.

पोटासाठी हॉटेलात टेबलं पुसली, फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन होता. वॉचमनकी त्याला सोयीची, कारण रात्री वाचता लिहिता यायचं. नावातला 'हा' म्हणजे हार्बिनचा हा, आवडतं शहर होतं आणि श्वेफेइ म्हणताना अमेरिकन माणसाच्या जिभेची गाठ व्हायची.

सुरुवात कवितांपासून, 'बिट्वीन सायलेन्सेस' १९९० ला आला. १९९३ ला अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कविता शिकवायची नोकरी लागली, मग कथा, मग कादंबऱ्या. १९९९ ची 'वेटिंग', तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पेन फॉकनर दोन्ही. २००४ ची 'वॉर ट्रॅश', तिला परत पेन फॉकनर. २००२ पासून बोस्टन विद्यापीठात शिकवतो.

पहिलं पुस्तक: 'वेटिंग'. डोळे झाकून घ्या. कारण नंतर लिहितो, साडेदहाचा कॉल आहे.

ओसरी

डोळे झाकून घ्या म्हणे, मग वाचणार कशी ती 😄

ताई, मी न्यू जर्सीत २१ वर्षं आहे आणि माझं मत थोडं वेगळं. तुम्ही 'अ गुड फॉल' घ्या. कथासंग्रह आहे, बारा कथा, सगळ्या न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या. फ्लशिंग म्हणजे क्वीन्समधला भाग, सात नंबरच्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन, वर आलं की पाट्या सगळ्या चिनीत. मी भाजी आणायला जाते कधीकधी, कारली आणि लाल माठ मस्त मिळतो.

कथासंग्रहाचा फायदा असा की नाही आवडली एक तर दुसरी. आणि या कथा अक्षरशः आपल्या आहेत हो. पहिलीच कथा घ्या, हॉटेलात वेट्रेस असलेली बहीण न्यूयॉर्कला, आणि चीनमधल्या बहिणीला नवीन गाडी घ्यायचीय, तर ही तिकडून ईमेलवर ईमेल, पैसे पाठव, नाही पाठवलेस तर मी किडनी विकीन. मी वाचताना हसत होते आणि मग एकदम हसायची थांबले, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर फ्लॅटच्या डाउन पेमेंटवरून साधारण हेच झालं होतं, किडनी सोडून.

'चिल्ड्रन ॲज एनिमीज' म्हणून एक आहे. आजी आजोबा सगळं विकून मुलाकडे अमेरिकेत आलेत आणि नातवंडांना स्वतःची चिनी नावं नकोयत, मॅटी आणि फ्लोरा व्हायचंय. आजोबा चिडतात, सून मुलांची बाजू घेते. गोष्ट आजोबाच्या तोंडून आहे, त्यामुळे तुम्हाला आजोबाचं पटत जातं, पटत जातं, आणि मग लक्षात येतं की हा आजोबा तसा त्रासदायकच माणूस आहे. माझ्या सासूबाईंना मी ही कथा मराठीत सांगितली, त्यांना आजोबाच बरोबर वाटला. मुलीला सांगितली तर तिला मॅटी बरोबर. मी मधे.

आणि 'इन द क्रॉसफायर', स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढचं वाक्य सोडा. आई चीनहून राहायला आलीय, सुनेशी पटत नाही, जायचं नाव घेत नाही, तर मुलगा आईने परत जावं म्हणून मुद्दाम स्वतःची नोकरी घालवतो. तोंडावर आई जा म्हणता येत नाही म्हणून! सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्यांच्या कथा इथे कुठल्याही हळदीकुंकवाला ऐकायला मिळतात, पण हा उपाय कोणी केलेला ऐकला नव्हता.

भटक्या_बाब्या

ओसरीताई तुमच्या सासूबाई हा धागा वाचत नाहीत ना?

ओसरी

वाचतात. नमस्कार आई 🙏

कोरडा_पाऊस

सगळे एकदम आरती ओवाळतायत म्हणून थोडं मीठ घालतो.

मी 'वेटिंग' वाचलंय. बरं आहे. पण भाषा सोपी हा गुण आहे का मजबुरी? सपाट वाक्यं, तो उठला, तो गेला, त्याने चहा घेतला. त्याची 'अ फ्री लाइफ' कादंबरी आली तेव्हा जॉन अपडाइक या अमेरिकन कादंबरीकाराने न्यूयॉर्कर मासिकात चक्क अवघडलेल्या शब्दप्रयोगांवर बोट ठेवलं होतं. दुसरं असं की पाश्चात्य वाचकाला जसा चीन बघायला आवडतो तसाच चीन हा दाखवतो, बांधलेल्या पायांची बायको (मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून छोटे ठेवायची जुनी चिनी चाल), जुलमी पार्टी, दबलेली माणसं. 'वेटिंग'वर २००० साली बीजिंगमध्येही हीच टीका झाली, की १९६० च्या दशकात एवढ्या तरुण बाईचे पाय बांधलेले कसे, हे परदेशी वाचकासाठी घातलेलं लोणचं आहे. टीका करणारे सगळेच काही सरकारी भाट नसतात.

आणि मातृभाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत स्वतःच्या लोकांबद्दल लिहायचं यात काहीतरी खटकतंच मला. आपल्याकडे किरण नगरकरांना 'सात सक्कं त्रेचाळीस' नंतर इंग्रजीत गेल्याबद्दल मराठीवाल्यांनी ऐकवलंच की.

तळटीप

कोरडा_पाऊस, नगरकरांचं उदाहरण तुम्ही काढलंत ते तुमच्याच विरुद्ध जातं. ऐकवलं म्हणताय, पण वाचलं किती जणांनी? 'सात सक्कं त्रेचाळीस' आज सगळे डोक्यावर घेतात, १९७४ ला आलं तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आणि 'रावण अँड एडी' त्यांनी सुरू केलं होतं मराठीतच, संपलं इंग्रजीत. भाषा सोडणं आणि भाषेने सोडणं यात फरक आहे राव.

हा जिनचं तर आणखीच वेगळं. चिनीत लिहिलं असतं तर छापलं कुठे असतं? त्याला जे लिहायचं होतं ते चीनच्या मुख्य भूमीवर छापून येण्यासारखं नव्हतं, आणि आजही त्याची बरीचशी पुस्तकं चिनीत निघतात ती तैवानमधून. अमेरिकेत राहायचं तर नोकरी हवी, विद्यापीठातली नोकरी टिकवायची तर पुस्तकं हवीत, तीही इंग्रजीत. यात बायको, मुलगा, घरभाडं आलं. लोक याला भाषेशी गद्दारी म्हणतात हे त्याला माहीत आहे आणि त्यावर त्याने लिहिलंयसुद्धा, 'द रायटर ॲज मायग्रंट' म्हणून २००८ चं छोटं पुस्तक आहे, तीनच निबंध, त्यातल्या दुसऱ्याचं नावच भाषेच्या गद्दारीवर आहे. कॉनरॅड पोलंडचा, नाबोकोव्ह रशियाचा, दोघे इंग्रजीत मोठे झाले, त्यांच्यापाशी बसून हा आपला हिशेब मांडतो. मजा म्हणजे पहिल्या निबंधात तो स्वतःलाच खोडून काढतो. तरुणपणी पहिल्या कवितासंग्रहात लिहून बसला होता की मी चीनमधल्या दुर्दैवी, दबलेल्या माणसांच्या वतीने बोलतोय. नंतर म्हणतो की मला कोणी नेमलं होतं त्यांचा प्रवक्ता म्हणून? इतक्या लांब बसून? हे स्वतःबद्दल छापील कबूल करणारे लेखक मला तरी फार दिसले नाहीत.

पाय बांधण्याबद्दलची टीका मात्र मला पूर्ण चुकीची वाटत नाही. तेवढा मुद्दा तुमचा.

सपाट वाक्यांबद्दल: मराठीत आपल्याला अलंकार नसले की लेखकाला येत नाही असं वाटतं. तो एकेक मसुदा परत परत लिहून तिथे पोचतो. इंग्रजीत जन्मलेला माणूस गप्पा मारत लिहील, याला प्रत्येक शब्द उचलून बघावा लागतो.

कोरडा_पाऊस

मुद्दा तुमचा म्हणालात, स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

निवृत्त_सुभेदार

राम राम. मी सातारा. धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण 'वॉर ट्रॅश'चं नाव निघालं आणि कोणी पुढे बोललंच नाही म्हणून लिहितो.

मुलाने आणून दिलं होतं हे पुस्तक. कोरियन युद्धातल्या चिनी युद्धकैद्यांची गोष्ट आहे. सांगणारा यू युआन म्हणून तरुण अधिकारी, थोडं इंग्रजी येतं म्हणून छावणीत दुभाषा होतो. म्हातारपणी अटलांटात मुलाकडे आला असताना नातवंडांसाठी लिहून ठेवतोय अशी मांडणी. हे आठवणींचं पुस्तक नाही, कादंबरी आहे, पण मी पहिली शंभर पानं खरंच कोणा सैनिकाने लिहिलंय म्हणूनच वाचली, एवढं जमलंय. बूट, अन्न, जखम, वरिष्ठ कसे बोलतात, कोण कोणाला कधी विकतो. हे आत राहिलेल्या माणसालाच माहीत असतं, आणि लेखक स्वतः सैन्यात होता हे तळटीप यांनी लिहिलंच आहे.

दक्षिण कोरियाच्या कोजे बेटावर अमेरिकनांच्या छावणीत कैदी आपसातच दोन गट करून मारामाऱ्या करतात. एक गट परत कम्युनिस्ट चीनला जाणार, दुसरा तैवानला. यू युआनला घरी जायचंय, म्हातारी आई आहे, लग्न ठरलेलं आहे. तर तैवानवाले त्याला बेशुद्ध करून पोटावर कम्युनिझमला इंग्रजीत शिवी गोंदवतात, म्हणजे परत जायची सोयच राहू नये. आणि नंतर त्याच गोंदणातली काही अक्षरं काढून तीच शिवी अमेरिकेकडे फिरवली जाते. पोट तेच, शिवी तीच, फक्त मालक बदलला. मला वाटतं सगळं पुस्तक त्या पोटावर लिहिलेलं आहे.

आता आपल्याशी संबंध. १९५३ ला युद्ध थांबलं तेव्हा जे कैदी आपापल्या देशात परत जायला तयार नव्हते त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली होती, कस्टोडियन फोर्स. तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि त्या फौजेचे कमांडर मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे आपले कोल्हापूरकडचे. दोन्हीकडून गोळ्या बंद झालेल्या पट्ट्यात हजारो चिडलेले कैदी, एकीकडून शिव्या दुसरीकडून दगड, आणि आपल्या पोरांनी गोळीबार जवळजवळ न करता ते दिवस काढायचे. सुमारे १४,००० चिनी कैदी शेवटी तैवानला गेले. ८८ जण असे निघाले की त्यांना कुठलीच बाजू नको होती, ते आपल्या फौजेबरोबर बोटीने भारतात आले १९५४ मध्ये. आमच्याकडे थोरात साहेबांचं नाव निघालं की १९६२ आणि चीन हे निघतं, कोरियाचं कोणी काढत नाही.

ताईंना पहिलं पुस्तक म्हणून देणार नाही, मारहाण फार आहे. पण दुसरं म्हणून जरूर.

भटक्या_बाब्या

सुभेदार साहेब, सॅल्यूट. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. हे थोरातांचं मला अजिबात माहीत नव्हतं, आणि मी कोल्हापूरचा आहे, लाज वाटली.

ओसरी

सुभेदार काका, वेगळा धागा काढा ना यावर. +१००

तळटीप

वाचनखूण साठवली.

आता 'वेटिंग' का ते सांगतो, कॉल संपला. लिन काँग नावाचा लष्करी डॉक्टर, घरच्यांनी लावून दिलेलं लग्न, बायको श्वूयू खेड्यात, आईबापाचं केलेली, साधी, अडाणी. डॉक्टरला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मान्ना नावाची नर्स आवडते. दर उन्हाळ्यात रजा घेऊन गावी जातो, बायकोला घटस्फोटासाठी तालुक्याच्या कोर्टात नेतो, ती घरी हो म्हणते आणि न्यायाधीशासमोर नाही म्हणते, किंवा मधे तिचा भाऊ तमाशा करतो, आणि हा परत येतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. नियम असा की १८ वर्षं नवरा बायको वेगळे राहिले तर बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट मिळतो. तर ही १८ वर्षं. तोपर्यंत डॉक्टर आणि नर्सने हॉस्पिटलच्या आवाराबाहेर एकत्र फिरायलासुद्धा बंदी, कारण लग्न झालेलं नाही. मूळ गोष्ट त्याने सासऱ्यांच्या हॉस्पिटलमध्ये ऐकलेली, सासू सासरे लष्करी डॉक्टर होते.

पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच की मी ती प्रेमकथा म्हणून उघडली होती आणि दोनशे पानांनंतर मला डॉक्टरला धरून हलवावंसं वाटत होतं. मधे मान्नावर एक अत्याचार आहे, तो प्रसंग अंगावर येतो, ताईंनी ग्रुपमध्ये बोलताना तेवढं लक्षात ठेवावं.

ग्रुपसाठी हेच उत्तम, कारण सहा जणींची सहा मतं होणार. श्वूयूबद्दल तर भांडणच होईल.

शेवग्याची_शेंग

मी फक्त वाचनमात्र असते पण आज लॉगिन केलं. मी पण मराठी मीडियम, आणि मला कोणीच हे सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. ताई, कादंबरी नका धरू आधी. 'द ब्राइडग्रूम' म्हणून २००० चा कथासंग्रह आहे, त्यातली पहिली कथा 'सॅबोटर' वाचा, एवढीच. तासाभरात होते. हार्बिनचा एक प्राध्यापक नवीन बायकोबरोबर हनिमूनहून परत निघालाय, मुजी स्टेशनबाहेर (मुजी हे त्याचं कल्पित गाव, खूप कथांत येतं) जेवतायत, शेजारच्या टेबलावरचा रेल्वे पोलीस मुद्दाम यांच्या पायांवर चहा फेकतो. हा तक्रार करतो. तर यालाच आत टाकतात, सार्वजनिक शांतता बिघडवली म्हणून, आणि माफीनामा लिहून दे म्हणतात. त्याला आधीच कावीळ झालेली आहे, तेवढं ध्यानात ठेवा. शेवट मी सांगणार नाही, मी वाचून रात्री नवऱ्याला उठवून सांगितला होता.

त्याच संग्रहात एक चिकनची कथा आहे, अमेरिकन फ्राइड चिकनचं दुकान गावात येतं आणि रोज रात्री उरलेलं चिकन जाळून टाकतात, कामगारांना घरी न्यायला देत नाहीत. तीही मस्त आणि विनोदी आहे, म्हणजे विनोदी असते तोपर्यंत.

आणि इंग्रजी घाबरवत असेल तर 'अ गुड फॉल'मधली प्राध्यापकाची कथा शोधा. चिनी माणूस अमेरिकेत इंग्रजीचा प्रोफेसर, नोकरी कायम होण्यासाठी फाइल दिली, आणि देऊन झाल्यावर कळतं की पत्राच्या शेवटी 'रिस्पेक्टफुली' ऐवजी 'रिस्पेक्टली' लिहून बसलोय. बस. एका शब्दावरून माणूस झोप उडवून घेतो. मी ऑफिसात ईमेल पाठवल्यावर सेंट फोल्डरमध्ये जाऊन तीनतीनदा वाचते, त्यामुळे मला तो माणूस सख्खा वाटला.

तळटीप

शेवग्याची_शेंग, तुम्ही वाचनमात्र राहणं हा गुन्हा आहे. 'सॅबोटर' पासून सुरुवात हा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा चांगला आहे.

कोरडा_पाऊस

सॅबोटर जबरी आहे हे मान्य. (काढा स्क्रीनशॉट.)

एक राहिलं. ६०० पानी नको म्हणालात ते कळलं, पण 'अ फ्री लाइफ' जाडजूड आहे तरी त्यातली एक गंमत सांगतो, मीच टीका केली म्हणून मीच सांगतो. नान वू म्हणून माणूस, पीएचडी सोडतो, जॉर्जियात छोटं चिनी हॉटेल चालवतो, बायको पिंगपिंग, मुलगा ताओताओ, डोक्यावर घराचं कर्ज आणि मनात कविता लिहायची. तर हे लोक आपसात चिनी बोलतात तेव्हा त्यांचं बोलणं स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत दिलंय. आणि तेच नान वू बाहेर अमेरिकन माणसाशी बोलतो तेव्हा उच्चार मोडके, वाक्यं अडखळती. म्हणजे घरात शहाणा, काउंटरवर बावळट. मला दहा पानं लागली हे लक्षात यायला आणि मग पुस्तक खाली ठेवून बसलो जरा वेळ. वडील माझे मुंबईला बँकेत साहेबासमोर असेच बोलायचे, आणि घरी आले की सगळ्या गल्लीत त्यांच्यासारखा वक्ता नव्हता.

अर्पणपत्रिकेत बायको आणि मुलाचं नाव आहे, ज्यांनी हे पुस्तक जगलं अशा अर्थाचं.

ओसरी

कोरडा_पाऊस ओलसर झाला 🙂

गवतीचहा

बाई बाई बाई. काल दिवसभर गव्हाचं निवडण चालू होतं, आज उघडून बघते तर एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार कसे मानू.

रिपोर्ट देते. शेवग्याची_शेंग यांचं ऐकून काल रात्री 'सॅबोटर' वाचली, भाच्याने फोनवर पाठवली होती. डिक्शनरी दोनदाच उघडली. साडेअकराला संपली आणि मीही ह्यांना उठवलं, ते म्हणाले मग काय झालं पुढे, मी म्हटलं काही नाही, संपली, तर म्हणे असं कसं संपवलं, कोणाला शिक्षा झाली की नाही. आणि त्यावर आमचं पाऊण तास भांडण, की त्या प्राध्यापकाचं बरोबर की चूक. ह्यांना तो सज्जन वाटतो. मला आधी वाटत होता. शेवटच्या पानावर तो जे करतो ते बघून माझ्या हातातला फोन गार पडला, आणि तरी सांगते, त्या चहाबद्दल माझा राग काही गेलेला नाही.

आज 'वेटिंग' मागवलं. तळटीप भाऊ, तुमचा रेडिओवाला भाग मी वहीत उतरवून घेतलाय. माझे वडील पोस्टात होते, तारा घ्यायचे, त्यामुळे तारायंत्रापाशी पहाटे बसलेला तो मुलगा मला एकदम दिसला. कडकट्ट ऐकत इंग्रजी शिकणं त्यांनी केलं नाही, पण त्यांनाही ते आवडलं असतं.

सुभेदार साहेब, थोरात साहेबांचं ग्रुपमध्ये नक्की सांगणार, तुमच्या नावाने. आमच्यातल्या एकीचे सासरे सैन्यात होते, तिला विचारते.

ओसरीताई, 'चिल्ड्रन ॲज एनिमीज' मी वाचीन पण आत्ता नको, डिसेंबरमध्ये मुलाकडे जायचंय कॅनडाला. आल्यावर वाचते.

एकच प्रश्न राहिला, खायला काय करू? लेखक चिनी म्हणून सगळ्या मंचुरियन मंचुरियन करतायत.

भटक्या_बाब्या

काकू मंचुरिया म्हणजे ईशान्य चीनच, लेखकाच्या गावाकडचाच भाग. फक्त आपलं मंचुरियन तिथे नेलंत तर कोणी ओळखणार नाही.

तळटीप

मुंबईत जन्मलेला पदार्थ आहे तो. करा बिनधास्त, स्थलांतरितच आहे.

ओसरी

ईशान्येकडचे लोक डंपलिंग खातात, म्हणजे आपले उकडीचे मोदकच, फक्त तिखट सारणाचे. मी पाठवते कृती, पारी मैद्याची करायची. कोबी बारीक चिरून, मीठ लावून पिळून घ्यायचा, आलं भरपूर. पाणी नीट काढलं नाही तर फुटतात.

गवतीचहा

मोदक जमतील. नाकं काढायची का कळ्या पाडायच्या?